खालून दुसरी ओळ

त्या वर्षी आश्विन लागताच धुके पडू लागले. निदान माझी तशी समजूत होती. सकाळी ओटीवर बसलो की समोरची पानवेलींची वाडी, तिच्यामागची नारळांची रांग आणि त्यापलीकडचा समुद्र हे सारे एकाच पांढऱ्या कापडात गुंडाळल्यासारखे दिसे. पत्नी म्हणे, "कुठे आहे धुके? चांगले ऊन पडले आहे." मी वाद घालत नसे. ऊन आणि धुके एकाच वेळी असू शकते, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

मी तीस वर्षे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलर सांभाळला. त्यासाठी पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र लागते. माझे प्रमाणपत्र बॉयलरघराच्या भिंतीवर काचेत घालून टांगलेले असे. कामाचा गाभा एकच होता. बॉयलरच्या काचेच्या नळीतील पाण्याची पातळी पाहायची आणि दिसेल तीच वहीत लिहायची. अर्ध्याखाली दोन बोटे असेल तर दोन बोटे. 'अंदाजे' हा शब्द मी त्या वहीत कधी लिहिला नाही.

मनोरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, वडिलांनी घेतलेले भाताचे चार तुकडे आमच्याकडे होते. त्यांच्याबरोबर वडिलांकडून एक बंदूक आली. बारा बोअरची, एकनळी. परवाना पीकसंरक्षणाचा. शिकारीचा परवाना आता कोणालाच मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. रानडुकरे पीक खात असतील तर बंदुकीचा परवाना, डुक्कर मारण्यापुरती वनखात्याची लेखी परवानगी आणि त्या परवानगीतल्या अटी, एवढे सगळे हाती असेल तरच बार टाकता येतो. वडिलांनी त्यात आपली एक अट घातली होती. कान दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. मी साऱ्या आयुष्यात सहा बार टाकले असतील.

आमच्या तुकड्यांना लागून पाड्यावरच्या एका वारली कुटुंबाची जमीन होती. नवरा माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. मी त्याला अरे-तुरे करीत असे आणि तो मला भाऊ म्हणे. माझ्या तुकड्यांची राखण तोच पाही. मुलगा-सून गुजरातकडे कामाला गेलेले. घरी तो आणि त्याची बायको, एवढेच.

खंडेनवमीच्या तीन दिवस आधी तो एसटीने आमच्या गावी आला. ओटीवर न बसता पायरीवर बसला आणि पिशवीतून भाताचा एक मुळासकट उपटलेला ठोंब काढून माझ्यासमोर ठेवला. ओंब्या चावलेल्या होत्या. दाण्यांत अजून दूध होते.

"ओढ्याकडचा आख्खा पट्टा असाच हाय, भाऊ. नांगर घातला का काय, असा दिसते."

"किती आहेत?"

"नऊ. एक सुळेवाला. तो तर आमाला वळखते. डबा वाजवला का मान वर करून बघते नि मंग खाते."

मी ठोंब हातात घेतला. पत्नीने त्याला चहा आणून दिला. चहा बशीत ओतता ओतता, माझ्याकडे न पाहता, तो म्हणाला, "अर्धी कणगी भरली ना, तरी दोघांचा जून गाठते. मंग भट्टीवर नाय जायाचा. बायकोचा गुडघा गेलाय. ती बोलत नाय, पण औंदा विटा वाहील असा वाटत नाय."

दिवाळी उलटली की पाड्यावरची माणसे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हे दोघेही वीस वर्षे जात होते. त्याने माझ्याकडे काही मागितले नाही. ठोंब तेवढा ठेवून गेला. पत्नीने तो पाण्याच्या तांब्यात घालून ओटीच्या कोपऱ्यात ठेवला. का, ते मी विचारले नाही.

माझ्यापुढे अडचणी दोन होत्या. परवान्याची मुदत त्याच महिन्यात संपत होती. आणि निवडणूक जाहीर झाल्यामुळे बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती. निवडणुकीत परवान्याच्या सगळ्या बंदुका जमा कराव्या लागतात. माझ्याकडे पावती होती. नूतनीकरणाचा अर्ज सण झाल्यावर द्यायचा, असे मी ठरवले.

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रपूजा असते. विळे, कोयते, पानवेलीची खुरपी आणि मधोमध बंदूक. वडिलांपासून हा क्रम आहे. घरातल्या कर्त्याने बंदुकीच्या दस्त्यावर कुंकवाची पाच बोटे उमटवायची. त्या वर्षी पाटावर मधली जागा रिकामी राहिली. मी बराच वेळ त्या जागेकडे पाहत उभा राहिलो.

पत्नी म्हणाली, "ठाणेदारांनाच जेवायला बोलवा. येताना घेऊन येतील."

मी कपाटातून परवान्याचे पुस्तक काढले आणि मधल्या जागेवर उघडे ठेवले. फूल वाहिले. मग सवयीने हात कुंकवाच्या वाटीत गेला आणि पाच बोटे उमटली. कुंकू ओले होते. क्षणभर ते पान मला दस्त्याच्या लाकडासारखे दिसले, एवढेच मी सांगू शकतो. पूजा संपल्यावर पुसायला गेलो, तो एक बोट क्रमांकावर आणि दोन बोटे शिक्क्यावर पसरली.

पालघर-बोईसर रस्त्यावर जिल्ह्याचे नवे मुख्यालय आहे. माळावर उभ्या पांढऱ्या इमारती. गवत खांद्याएवढे वाढलेले आणि त्यावर पिवळी फुलपाखरे. रिक्षातून उतरलो तेव्हा त्या इमारती जमिनीवर टेकलेल्या नाहीत, गवतावर तरंगत आहेत, असे वाटले. आत लांब गार ओसऱ्या. माणसे कागद छातीशी धरून हळू चालत होती, जशी देवळात चालतात.

खिडकीमागच्या कारकून बाई तरुण होत्या. त्यांनी पुस्तक उघडले आणि माझ्याकडे पाहिले.

"आजोबा, हे काय?"

"कुंकू."

"ते दिसतंय. परवान्यावर कुंकू कशाला?"

"खंडेनवमी होती. बंदूक ठाण्यात होती."

त्यांनी पान उजेडाकडे धरले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वळवून पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, सौभाग्यवती परवाना आहे. मुदत संपायची नाही त्याची."

बाई हसल्या नाहीत, पण ओठ आवळून धरलेले दिसले. "आजोबा, क्रमांक वाचता येत नाही. मूळ नोंदवहीशी ताडून घ्यावं लागेल. जुनी नोंद आहे, ठाणे जिल्ह्याच्या कचेरीतून मागवावी लागेल. दहा-बारा दिवस जातील. तोवर तुम्ही बाकीचे कागद करून घ्या. सातबारा, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आणि डॉक्टरांचं, तब्येतीचं आणि दृष्टीचं."

त्यांची चूक काहीच नव्हती. बॉयलरच्या वहीवर कोणी कुंकू सांडले असते तर मीही हेच केले असते. पुढच्या दहा-बारा दिवसांत भाताचे दूध घट्ट होऊन दाणा होणार होता. डुकरांना तेही ठाऊक होते.

प्रशिक्षण एका दिवसाचे होते. शिकवणारा निवृत्त फौजी होता. आम्ही चौघे होतो. त्याने लाकडी बंदूक हातात देऊन नळी कोणाकडे रोखायची नाही, हे सांगितले. मी प्रत्येक गोष्ट त्याने सांगितली तशीच करून दाखवली. जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, "काका, आपको तो सब आता है." मी म्हणालो, "येत असले तरी कागद लागतो." त्याला ते पटले.

दुपारच्या बसने मी शेतावर जात असे. रस्ता उन्हात झोपलेला असे. मनोर मागे पडले की सागाची पाने मोठी होत जातात आणि बसमधले बोलणे कमी होते. एकदा मला बसमध्येच डोळा लागला आणि स्वप्नात डुकरे शेतातून चालत गेली. पायांचा आवाज नव्हता. भात त्यांच्यापुढे आपोआप आडवे होत होते, वारा आल्यासारखे. शेवटच्या डुकराने थांबून माझ्याकडे परवाना मागितला. जागा झालो तेव्हा हात खिशावर होता.

ओढ्याकडचा पट्टा संपला होता. मधल्या पट्ट्याला डुकरे लागली होती. शेजाऱ्याने चार बांबूंवर माळा बांधला होता आणि दोघे आळीपाळीने डबा वाजवीत.

"कागद कवा येतील, भाऊ?"

"येतील."

"सुळेवाला विचारत होता," तो म्हणाला.

दृष्टीचे प्रमाणपत्र मी बोईसरला घेतले. आता जे सांगायचे आहे ते एकदाच सांगतो.

दवाखाना स्टेशनजवळ होता. दुपारची पाळी सुटली होती आणि बाकांवर कारखान्यांतली माणसे गच्च बसली होती. माझ्या शेजारी एक तरुण वेल्डर होता. दोन्ही डोळे लाल. तो कोणाला तरी फोनवर सांगत होता, "कुछ नहीं, अम्मा, धूल गयी है." मला जागा मिळाली ती तपासणीच्या खोलीच्या दाराशी. दार उघडे होते आणि अक्षरांचा तक्ता माझ्यापासून दीड हातावर, आतल्या भिंतीवर. पाऊण तास मी तिथे बसलो. पंखा हळू फिरत होता. तीस वर्षे काचेकडे पाहिलेला माणूस समोर जे असेल ते पाहत राहतो. मी तक्ता पाहत राहिलो. पाठ करायचा म्हणून नव्हे.

डॉक्टरांनी मला पलीकडच्या भिंतीशी उभे केले. डावा डोळा उघडा ठेवून मी सगळ्या ओळी वाचल्या. त्या मला दिसत होत्या. मग त्यांनी डावा डोळा झाकायला सांगितला.

उजव्या डोळ्यापुढे धुके होते. खोलीत धुके नसते. ते मला त्या क्षणी कळले. आश्विनातले सगळे धुके माझ्या एका डोळ्यात होते, आणि वाडी, नारळ व समुद्र आपापल्या जागी स्वच्छ उन्हात होते.

"खालून दुसरी ओळ वाचा," डॉक्टर म्हणाले. ते कागदावर काहीतरी लिहीत होते.

"म, ल, च, र, द, प," मी म्हणालो.

"छान. या वयात छान आहे."

डॉक्टरांना दोष नाही. त्यांनी विचारले आणि मी उत्तर दिले. शिक्का बसला. बाहेर तो वेल्डर अजून बसला होता. जिना उतरताना मला मधला पट्टा आणि गुडघ्यावर हात ठेवून उठणारी शेजाऱ्याची बायको आठवली, आणि आपण बरोबर केले असे मी स्वतःला सांगितले. वहीत चुकीची पातळी लिहिणारा माणूसही स्वतःला असेच काही सांगत असेल.

निवडणूक झाली. नोंद ताडून झाली. परवाना नवा होऊन आला. नव्या पानावर कुंकू नव्हते आणि जुने पान त्याला जोडलेले होते. बंदूक ठाण्यातून परत मिळाली. वनखात्याकडे अर्ज दिला. वनरक्षक शेतावर आला, नुकसान पाहिले, पंचनामा केला आणि वनअधिकाऱ्यांच्या सहीची लेखी परवानगी आणून दिली. अटी त्याने वाचून दाखवल्या. जंगलाच्या हद्दीत बार नाही. पिल्ले सोबत असलेल्या मादीवर बार नाही. मेलेले जनावर खात्याच्या ताब्यात द्यायचे. ते पुरले जाईल.

शेजाऱ्याने शेवटची अट दोनदा ऐकली.

"म्हंजे त्यांनी आमचा भात खायाचा, नि आमी त्यांना खायाचा नाय?"

"नाही," वनरक्षक म्हणाला.

"नि खड्डा?"

"खड्डा तुम्हीच खणायचा."

शेजारी बायकोकडे वळून म्हणाला, "ऐकलास? मयताला जायाचा, पण जेवणाविना." ती तोंडाला पदर लावून हसली. वनरक्षकही हसला. तो जवळच्याच गावचा होता आणि त्याच्याही वडिलांचे भात डुकरे खात होती.

दुसऱ्या दिवशी वाघबारस होती. शेजारी मला संध्याकाळी पाड्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेला. तिथे त्यांचा वाघोबा आहे. लाकडी फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगावर पिढ्यांचा शेंदूर. रानातली जनावरे त्याची. त्याला विचारल्याशिवाय पाड्यावरचा माणूस रानात कुऱ्हाडही नेत नाही. उतरत्या उन्हात गवत तांबूस झाले होते आणि फळीवरचा वाघ चालू लागेल असे दिसत होते.

"सरकारचा झाला. आता याचा," तो म्हणाला. "कागद ठेवा इथं."

मी सगळे कागद पिशवीतून काढले आणि फळीपुढे ठेवले. परवाना, परवानगी, प्रशिक्षण, दृष्टी. त्याने शेंदराचे बोट वर केले. मी म्हणालो, "कागदाला लावू नकोस." तो म्हणाला, "नाय. तुमची कुंकवाची गोष्ट ऐकलीय आमी." त्याने शेंदूर वाघाला लावला, नारळ फोडला, आणि शेजारच्या माणसाशी बोलावे तसा बोलू लागला.

"तुझी पोरां आमचा खातान. आमी तुला सांगून मारू. यांनी कागद आणलेत. समदे खरे हायत. आमी बघितलेत."

त्याला अक्षर येत नव्हते. मी खाली पाहत उभा राहिलो. परत निघताना त्याने कागद गोळा करून, कोपरे जुळवून, माझ्या हातात दिले.

माळ्यावर बसलो ती धनत्रयोदशीची पहाट होती. उजेड फुटण्याची वेळ. खरे धुके होते, ओढ्यावरून आलेले, भाताच्या उंचीएवढे. वर आकाश निवळ होते. माळ्यावरून शेत दिसत नव्हते, दुधाने भरलेली परात दिसत होती. कुठे पाखरू बोलले तर ते जवळ की लांब, कळत नव्हते. मला वडिलांचा खोकला ऐकू आल्यासारखे वाटले. तो ओढ्याचा आवाज होता. बंदूक मांडीवर होती, कागद खिशात होते, आणि मी किती वर्षांचा आहे याचा थोडा वेळ मला विसर पडला होता.

शेजारी वरच्या बांधाने वळसा घालून गेला होता. डुकरे आली की त्या बाजूने हुसकायची, असे ठरले होते. त्याची बायको घरी होती, अशी माझी समजूत होती.

मधल्या पट्ट्यात काहीतरी हलले. काळे, जमिनीलगत, पाठ वर. ते पुढे सरकत होते, थांबत होते, डोलत होते. मुळे उकरताना डुक्कर असेच डोलते. ओंब्या हलून धुक्यात बुडत होत्या.

मी दस्ता खांद्याला लावला आणि घोडा ताणला. डावा डोळा मिटला. माणूस नेम धरतो तेव्हा तो मिटतोच. उजव्या डोळ्यात काळा डाग आणि पांढरेपणा, एवढेच उरले. डागाला कडा नव्हत्या. मी कान शोधले. कान दिसत नव्हते. डुक्कर खाली मान घालून असेल, मी स्वतःला म्हणालो. हे वाक्य माझ्या ओळखीचे होते. म, ल, च, र, द, प या आवाजात ते आले.

समदे खरे हायत. आमी बघितलेत.

मी उजवा डोळा मिटला आणि डावा उघडला. काळे प्लॅस्टिक दिसले. दवाकरिता डोक्यावरून पाठीवर घेतलेला घोंगता. त्याखाली हात होते. वाऱ्याने आडवे झालेले भात मूठमूठ उचलून ते हात त्या मुठी एकमेकींना बांधत होते. मग ती कमरेवर हात ठेवून हळूहळू उभी राहिली आणि गुडघा चोळू लागली.

मी घोडा हाताने धरून खाली उतरवला. काडतूस काढले. ते खिशात कागदांजवळ ठेवले.

तिने वर पाहिले. "भाऊ, चा आणू?"

"आण," मी म्हणालो.

मी बंदूक घेऊन माळ्यावरून उतरलो.

शेजारी वळसा घालून आला तेव्हा आम्ही बांधावर चहा घेत होतो. डुकरे त्या दिवशी आलीच नव्हती. तो बायकोवर चिडला. "तुला सांगितला होता ना, माळ्यावर बंदूक हाय? घरी रायाचा."

"भात आडवा पडलाय, तो तुजा बा बांधील?" ती म्हणाली. "नि भाऊंना दिसते की. कागद हाय त्यांच्याकडं."

मी कप खाली ठेवला.

"मला उजव्या डोळ्याने दिसत नाही," मी म्हणालो. "कागद खोटा आहे. डॉक्टरांना मी खोटे सांगितले. आता हिच्यावर नेम धरला होता."

ती घोंगत्याची घडी घालू लागली. घडी नीट बसेना, तेव्हा तिने ती पुन्हा उलगडली. ओढ्याकडून धुके सुटू लागले होते आणि शेताचे तुकडे एकेक करून जमिनीवर येत होते. शेजारी बराच वेळ बंदुकीकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, "डाव्यानं?"

"डाव्याने दिसते."

"नि कान?"

"ऐकू येते."

"मंग डबा वाजवा," तो म्हणाला. "डब्याला डोळा लागत नाय."

थोड्या वेळाने मी विचारले, "वाघोबाला काय सांगायचे?"

"सांगीन. एक कागद कमी हाय म्हणून. तो काय शिक्का बघते?"

त्याच दिवशी मी बंदूक आणि काडतुसे ठाण्यात दिली. दिवाळीचे दिवस होते. ठाण्यात एकच हवालदार होता आणि त्याला पावती पुस्तक सापडायला वेळ लागला. सण झाल्यावर बोईसरच्या दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांना म्हणालो, "मागच्या वेळी वाचनात चूक होती. पुन्हा तपासा." डावा डोळा झाकला. "खालून दुसरी ओळ," ते म्हणाले. मी म्हणालो, "ओळ दिसत नाही. तक्ता दिसतो." ते लिहायचे थांबले. मोतीबिंदू पिकला आहे, असे त्यांनी सांगितले. दुसरा कागद दिला. तो मी मुख्यालयात नेऊन दिला.

कारकून बाईंनी तो वाचला. "आजोबा, एवढ्या खेपा घालून मिळवला, आणि परत करताय?"

"हो."

"शस्त्रक्रिया झाल्यावर पुन्हा अर्ज करता येईल."

"पाहू."

त्यांनी पुस्तक जमा करून घेतले. जुन्या पानावरची पाच बोटे मला खिडकीच्या या बाजूने, डाव्या डोळ्याने, स्पष्ट दिसली.

दवाखान्याच्या आणि मुख्यालयाच्या खेपा सोडल्या तर दिवाळीपासून कापणीपर्यंत मी पाड्यावरच राहिलो. पत्नीने कपडे पाठवले आणि निरोप पाठवला की तांब्यातल्या ठोंबाला नवा फुटवा आला आहे. पहाटे आणि दिवस मावळताना मी माळ्यावर बसे आणि तेलाचा रिकामा डबा वाजवी. मधल्या वेळी दोघे वाजवीत. बॉयलरवर पाळ्या लावायची सवय होती. पाळ्या मी लावून दिल्या. सुळेवाला रोज येई. पहिल्या दिवशी मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिले. मी वाजवीत राहिलो. तो ऐकत राहिला. त्या आवाजाचीही पुढे गुंगी येई. डबा कोणी दुसराच वाजवीत आहे आणि मी समुद्रावर बसलो आहे, असे वाटे. मग हात थांबलेला लक्षात येई आणि डुकरे दहा पावले पुढे सरकलेली असत. मी पुन्हा वाजवी. कधी ती मागे सरत, कधी नाही.

मधल्या पट्ट्यातले काही गेले. वरचा पट्टा बराचसा राहिला. आमच्या चार तुकड्यांतले काय राहिले ते मी येथे लिहीत नाही. आमचे घर त्यावर अवलंबून नव्हते. पण जे राहिले ते मी त्यांच्याच खळ्यावर टाकायला सांगितले. झोडपणी झाली. उफणणी झाली. कणगी शेजाऱ्याच्या बायकोने आतून-बाहेरून शेणाने सारवून ठेवली होती. भात टोपलीने आत पडू लागले. सोनेरी धूळ उठली आणि बराच वेळ घरात तरंगत राहिली. सरतेशेवटी टोपली रिकामी झाली.

आम्ही तिघे कणगीत डोकावलो. पाड्यावरची बाकीची माणसे दुसऱ्या दिवशी भट्टीवर निघायची होती. अंगणात त्यांची गाठोडी बांधलेली होती. कणगीच्या आत, बरोबर मध्यावर, बांबूचा एक आडवा जाड वेढा होता. भात त्या वेढ्याच्या खाली होते.

शेजाऱ्याच्या बायकोने आत हात घालून भात सारखे केले, जणू सारखे केल्याने ते वर येईल. मग ती माझ्याकडे पाहू लागली.

"भाऊ, तुमी बघा. तुमची नजर काचेवरची."

मी वाकलो. डाव्या डोळ्याने पाहिले. पातळी अर्ध्याखाली दोन बोटे होती.

"अर्धी आहे," मी म्हणालो.

"अर्धी हाय," तो बायकोला म्हणाला.

ती उठली, आणि दाराशी बांधून ठेवलेले त्यांचे गाठोडे सोडू लागली. वरच भांडी होती. तिने ती एकेक करून फळीवर परत मांडली. मी ओटीवर येऊन बसलो. बाहेर ऊन होते, आणि उजव्या बाजूला धुके होते. जूनपर्यंत दोन बोटे कमी पडणार होती. ती माझ्या घरून यायची व्यवस्था मी परतल्यावर केली, आणि कोठेही लिहून ठेवली नाही.